धुराने ओढलेला श्वास

अँबॅसडरचं बॉनेट उघडलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी एका ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिनही जवळजवळ पाहिलं आहे. नाशिकच्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असणाऱ्या पांढऱ्या गाड्यांत जे १४८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन असायचं, त्याच घराण्यातलं आणि तेवढ्याच सीसीचं इंजिन इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ पासून एमजीए नावाच्या बुटक्या, दोन आसनी गाडीत बसत होतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या या इंजिनाचं नाव बी-सिरीज. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. अँबॅसडरमध्ये ते पन्नासच्या आसपास अश्वशक्ती द्यायचं, एमजीएमध्ये आधी ६८ आणि थोड्याच काळात ७२.

एकाच लोखंडातून हा जास्तीचा जोर आला कुठून? थोडा कॅममधून, थोडा कॉम्प्रेशनमधून, बराचसा एकाऐवजी दोन एसयू कार्ब्युरेटर बसवल्यामुळे. यातला मोठा भाग इंजिनात हवा शिरते त्या वाटेचा. जुन्या गाडीचा शौकीन मालक यापुढे जातो तेव्हा तो दुसऱ्या टोकाकडे वळतो, धूर बाहेर पडतो त्या टोकाकडे. हेडला चिकटलेला कास्ट आयर्नचा जाड, जड मॅनिफोल्ड काढून त्या जागी पातळ पोलादी नळ्यांचा जुडगा बसवतो. त्याला हेडर म्हणतात. दिसायला ती काही वाकवलेल्या नळ्यांची गुंतवळ असते. तिच्यात ना झडप, ना चाक, ना स्प्रिंग, हलणारा एकही भाग नाही. तरीही ती इंजिनाच्या आतल्या घटनांशी मिलिसेकंदाच्या हिशेबाने वेळ जुळवते. मला मोटारीतलं दुसरं काहीही इतकं थक्क करत नाही.

आत काय घडतं ते एकाच सिलिंडरपुरतं पाहू. एमजीएच्या कॅमचे आकडे प्रसिद्ध आहेत. पिस्टन खालच्या टोकाला पोचण्याआधी ५१ अंशांवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचून २१ अंश पुढे गेल्यावर मिटतो. म्हणजे क्रँकचे एकूण २५२ अंश तो उघडा असतो. इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक २७ अंश फिरतो. सगळा उच्छ्वास सव्वानऊ मिलिसेकंदांत उरकायचा असतो.

व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, त्यामुळे धूर स्वतःच्याच जोराने सुटतो. उरलेला धूर पिस्टन वर येताना ढकलून देतो. पण पिस्टन सगळा धूर काढू शकत नाही. कॉम्प्रेशन ८.३ ला एक धरलं तर पिस्टन अगदी वर पोचल्यावरही त्याच्या माथ्यावर सुमारे ५१ सीसी जागा उरते, आणि तिथे जळून गेलेला गरम वायू कोंडलेला असतो. पिस्टनचा हात तिथवर पोचत नाही. पुढच्या खेपेची ताजी हवा या शिळ्या धुरात मिसळते आणि तेवढी तिची जागा कमी होते. ही जागा रिकामी होऊ शकते ती बाहेरच्या बाजूने कशाने तरी ओढलं तरच.

ती ओढ नळीतून येते.

व्हॉल्व्ह उघडल्यावर नळीत दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्या दोघींचा वेग वेगळा असतो. एक म्हणजे खुद्द धूर. तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास सरकतो. दुसरी म्हणजे दाबाची लाट. ती त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने धावते. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या जवळपास असतो. सहाशे अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात तो ५८०च्या घरात जातो. साध्या गणिताने दिसतं की एका सिलिंडरचा एक उच्छ्वास तापून फुगलेल्या अवस्थेत ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जेमतेम मीटरभर लांबी व्यापतो. म्हणजे धूर पहिली नळी पार करतो न करतो, तेवढ्यात लाट नळीच्या टोकाला जाऊन परतही आलेली असते.

परत येते, हे महत्त्वाचं. बासरीत फुंकर घातली की आतली लाट उघड्या छिद्राशी पोचते, तिथून उलटून मागे फिरते आणि या ये-जा करण्याच्या लयीवर सूर ठरतो. एक्झॉस्टच्या नळीतही तेच. लाट अरुंद नळीतून अचानक मोठ्या जागेत पोचली की तिचा काही भाग मागे फिरतो, आणि फिरताना त्याची जात बदलते. गेली ती दाबाची लाट, येते ती विरळपणाची. धक्का देत गेलेली लाट ओढ घेऊन परतते. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी नेमक्या वेळी पोचली, तर सिलिंडरच्या माथ्यावरचे ते ५१ सीसी ती खेचून घेते.

आणि नेमकी वेळ कोणती? पिस्टन वरच्या टोकाला असताना एक छोटा काळ असा असतो की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून मिटलेला नाही आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागला आहे. एमजीएमध्ये इनलेट १६ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट २१ अंश नंतर मिटतो. एकूण ३७ अंश दोन्ही दारं उघडी. मघाच्या वेगाने हा काळ भरतो दीड मिलिसेकंदाहूनही कमी. तेवढ्यात ओढ पोचली तर शिळा धूर बाहेर जातो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत येऊ लागते, पिस्टन खाली सरकायच्याही आधी. गेलेला धूर आलेल्या हवेला हात धरून आत आणतो. वाया गेलेली, जळून संपलेली गोष्ट पुढच्या श्वासाला कामाला लागते.

उघडण्यापासून वरच्या टोकापर्यंत २३१ अंश, म्हणजे साडेआठ मिलिसेकंद. तेवढ्यात लाट सुमारे पाच मीटर धावते, अडीच मीटर जायला आणि अडीच यायला. चार मीटरही न भरणाऱ्या गाडीत हेडपासून अडीच मीटर म्हणजे जवळपास चालकाच्या आसनाखालपर्यंत. त्यामुळे लाट एकाच ठिकाणावरून परतते असं नाही. पहिल्या नळ्या जिथे जुळतात तिथून एक तुकडा परततो, पुढच्या जोडावरून दुसरा, सायलेन्सरच्या पोटातून तिसरा. प्रत्येक जण आपापल्या वेळी येतो. हेडरची रचना करणारा माणूस या सगळ्या परतीच्या लाटांची गाठ त्या दीड मिलिसेकंदाशी घालून देण्याची खटपट करत असतो. त्याच्या हातात साधनं दोनच, नळीची लांबी आणि व्यास.

लाटेला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. तिचा वेग तापमान ठरवतं. फेरे बदलले की अंश आणि मिलिसेकंद यांचं नातं बदलतं, लाट मात्र आपल्याच वेगाने येत राहते. म्हणून एका फेऱ्याला उपकार करणारी नळी दुसऱ्या फेऱ्याला नुकसान करते. तिथे विरळपणाची लाट आधीच येऊन गेलेली असते, आणि पुन्हा उलटलेली दाबाची लाट नको त्या वेळी दारात हजर असते. हेडर बसवून आणलेल्या गाडीचा जोर मधल्याच एखाद्या टप्प्यावर खचल्यासारखा वाटतो तो यामुळे. ‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच’ ही गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारी समजूत इथूनच निघाली असावी. खरं तर अडथळ्याची गरज कुठल्याच इंजिनाला नसते. जाड नळी घातल्यावर खालच्या फेऱ्यांचा जोर जातो, कारण वायूचा वेग मंदावतो आणि लाटांची वेळ चुकते.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. चार सिलिंडर एक-तीन-चार-दोन या क्रमाने पेटतात, १८० अंशांच्या अंतराने. प्रत्येकाचा एक्झॉस्ट २५२ अंश उघडा. म्हणजे पहिल्याचे शेवटचे ७२ अंश उरलेले असताना तिसरा आपला व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळा दाब नळीत सोडतो. पहिल्याची ती दोन्ही दारं उघडी असण्याची नाजूक वेळ याच ७२ अंशांत येते. दोघे एकाच आखूड मॅनिफोल्डमध्ये सोडत असतील, तर तिसऱ्याचा तडाखा पहिल्याच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो आणि येणाऱ्या ताज्या हवेला मागे रेटतो. आखूड मॅनिफोल्डचा मुख्य दोष हाच. अरुंदपणा त्यानंतरचा.

उपाय म्हणजे एकमेकांपासून ३६० अंश दूर असलेल्यांच्या जोड्या लावणं. पहिला आणि चौथा ही एक जोडी, दुसरा आणि तिसरा ही दुसरी. ३६० हे २५२ पेक्षा मोठं, त्यामुळे जोडीतले दोघे कधीच एका वेळी उघडे नसतात. आधी चार नळ्यांच्या दोन होतात, मग लांब जाऊन एक. तज्ज्ञ याला ‘फोर-टू-वन’ म्हणतात.

आणि इथे बी-सिरीज इंजिन एक सुंदर गोष्ट दाखवतं. त्याच्या हेडला एक्झॉस्टची तोंडं चार नाहीत, तीनच आहेत. पहिल्याचं एक, चौथ्याचं एक आणि मधल्या दोघांचं मिळून एक. ओतकाम सोपं आणि स्वस्त व्हावं, मोटार सामान्य कुटुंबाला परवडावी, हा त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांमागचा विचार. शर्यतीच्या दृष्टीने तडजोडच. पण ज्या दोघांना एका दारातून बाहेर काढलं, ते दुसरा आणि तिसराच. जी जोडी हेडरवाला मुद्दाम लावतो, ती इथे लोखंडात आधीच ओतलेली आहे. त्यामुळे या इंजिनाचा हेडर तीन नळ्यांचा होतो. मधली नळी लांब एकटी जाते, बाजूच्या दोन एकमेकींना मिळतात आणि बऱ्याच खाली जाऊन या दोन धारा एक होतात. हवा आत येण्याच्या बाजूला मात्र हे भाग्य नाही. तिथे पहिला-दुसरा एका दारातून श्वास घेतात आणि तिसरा-चौथा दुसऱ्या. ते एकमेकांच्या लगेच मागेपुढे असल्यामुळे एकाच्या वाट्याची हवा दुसरा पळवतो.

ही लाटांची विद्या कुठवर जाऊ शकते ते पाहायचं तर यामाहा आरएक्स १०० ही दोन स्ट्रोकची मोटारसायकल आठवा. अशा इंजिनात एक्झॉस्टच्या दाराला व्हॉल्व्हच नसतो, त्यामुळे ताजं मिश्रण एक्झॉस्टच्या दारातून निसटून जातं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५०च्या दशकात पोट फुगवून पुन्हा निमुळत्या केलेल्या नळीवर काम केलं. फुगवटा आधी ओढ पाठवतो, निमुळता भाग मागाहून दाब पाठवतो, आणि निसटलेलं मिश्रण शेवटच्या क्षणी परत सिलिंडरमध्ये कोंबतो. १९६१ साली एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी ५० सीसीच्या गटात तो सुझुकीवर जगज्जेता झाला. एका नळीच्या आकारासाठी एवढं घडलं.

नाशिकमध्ये असा हेडर कुणाकडून करून घ्यावा? तयार मिळणारे हेडर ब्रिटनमधून मागवता येतात, आणि नळ्यांच्या लांबीवर त्यांनी केलेला अभ्यास पाहता ते चांगलेही असतात. पण जुन्या गाडीची चेसिस कधी ठोकलेली असते, इंजिनाची रबरी बैठक दबलेली असते, आणि आयता तुकडा दोन बोटं हुकतो. अशा वेळी सातपूर-अंबडकडे पाहावं. सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, इगतपुरीला त्यांची इंजिनं, ओझरला एचएएलमध्ये १९६०च्या दशकापासून लढाऊ विमानं. या कारखान्यांभोवती लेथवाले, फॅब्रिकेटर आणि आर्गन वेल्डिंगचे कारागीर वाढले. त्यात द्राक्षांच्या वाइनरी आणि दूध प्रक्रियेचे उद्योग आले, तिथल्या स्टेनलेस टाक्या आणि नळ्या जोडणाऱ्याला एक गोष्ट हातवळणी असते. नळी बाहेरून जोडताना आतही आर्गन सोडायचा, नाहीतर सांध्याची आतली बाजू काळी आणि दाणेदार होते. वाइनच्या नळीत त्या दाण्यांत जंतू लपतात, हेडरच्या नळीत ते धुराची वाट खडबडीत करतात. कारण वेगळं, कौशल्य एकच. अशा कारागिराला हेडरचं काम करताना पाहावं. सांधा पुरा होईपर्यंत त्याचा हात थरथरत नाही.

नळी वाकवणं हे वेगळं कसब. साधी वाकवली तर वळणावर ती चपटी होते आणि हिशेब केलेला व्यास तिथेच संपतो. आत आधाराचा दांडा ठेवून वाकवणारं यंत्र हवं. जुने कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून, तोंडं बंद करून, तापवून वाकवत. तीही पद्धत खरी आहे.

मग उष्णता. स्टेनलेसची ८० सेंटिमीटर नळी पाचशे अंश तापली की सुमारे सात मिलिमीटर लांब होते. हेड मात्र पाण्याने थंड राखलेलं, ते फारसं वाढत नाही. ही ओढाताण सांध्यांना तडा देते. म्हणून चांगल्या हेडरमध्ये नळ्या एकीत एक सरकणाऱ्या जोडांवर बसवतात, आणि हेडला लागणारी फ्लँज अखंड पट्टीची न ठेवता तोंडांच्या मधे कापतात. पहिल्या तापण्यानंतर त्या नळीवर जे रंग उमटतात, ते नुसते पाहत बसावेत असे असतात. फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. यात रंगद्रव्य कुठेच नाही. तापमानाप्रमाणे ऑक्साइडचा पापुद्रा जाड होत जातो आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो. पिवळा साधारण तीनशेच्या वर, जांभळा साडेचारशेच्या आसपास, निळा साडेपाचशेच्या पुढे. नळीवरची निळाई कुठे संपते ते पाहून उष्णता कुठवर गेली ते वाचता येतं. बाजूच्या दोन नळ्यांचे रंग वेगळे दिसले, तर सिलिंडर सारखे जळत नाहीत हेही कळतं. परत येणाऱ्या ध्वनीच्या लाटांसाठी केलेली ही नळी स्वतःच्या अंगावर परत येणाऱ्या प्रकाशाच्या लाटा दाखवते.

बसवताना या इंजिनाची एक खोड सांभाळावी लागते. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच, डाव्या बाजूला आहेत, आणि तेच स्टड दोघांना धरतात. एका जाड वॉशरची अर्धी कड इनलेटच्या फ्लँजवर, अर्धी एक्झॉस्टच्या फ्लँजवर. नव्या हेडरची फ्लँज जुन्याहून पातळ किंवा जाड असेल तर वॉशर तिरका बसतो, एकच बाजू दाबली जाते आणि दुसरीकडून पॅकिंग गळू लागतं. म्हणून दोन्ही फ्लँजची जाडी आधी मोजून, गरज पडल्यास घासून जुळवावी. जुने स्टड काढताना घाई करू नये. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडावं, तरी हलला नाही तर हेड किंचित तापवावं. हेडमध्ये तुटलेला स्टड ड्रिल करून काढणं हे दिवसभराचं दुखणं आहे. परत लावताना पितळी नट वापरावेत, पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावीकडे मोकळी जागा असते ही मोठी सोय. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा याच गर्दीतून जातो.

एकाच बाजूला असण्याचा दुसरा परिणाम असा की कार्ब्युरेटर थेट गरम नळ्यांच्या वर बसतात. कास्ट आयर्नपेक्षा पातळ नळी जास्त उष्णता बाहेर टाकते. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये, पारा चाळिशीला असताना, कार्ब्युरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल उकळू लागतं आणि बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकू नये. नळ्यांवर सिरॅमिकचा लेप देता आला तर उत्तम. कापडी पट्टी गुंडाळणं स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाची नळी पट्टीखाली गंजते.

इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की इंधनाचाही हिशेब बदलतो. एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेट बदलत नाहीत, निमुळती सुई बदलतात. नाशिकला त्यात दोन स्थानिक गोष्टी मिसळतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईहून सहा-सात टक्के कमी, त्यामुळे मुंबईत लावलेला कार्ब्युरेटर इथे पेट्रोल जास्त देतो. उलट आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण तेवढं पातळ होतं. शिवाय जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, ते आधी बदलावेत. हेडरही मिश्रण पातळ करण्याच्याच बाजूचा. तीन कारणं वेगवेगळ्या दिशांना ओढतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून सुई निवडू नये. भरपूर जोर लावून गाडी चालवावी, तिथेच बंद करावी आणि प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला तर मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन धोक्यात आहे.

कायद्याचं भान इथे ठेवायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं आणि मूळ मॅनिफोल्ड ग्रीस लावून जपून ठेवावा. सायलेन्सरला तर हातही लावू नये. राज्यातल्या शहरांत पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेले ते कर्णकर्कश पाइप आणि हेडर यांचा काहीही संबंध नाही. नीट केलेला हेडर सायलेन्सर जागेवर ठेवूनच आपलं काम करतो.

मिळतं किती? ७२ अश्वशक्तीच्या इंजिनातून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच वाढतात, आणि वजनात काही किलो कमी होतात. पण कुठे वाढवायच्या ते मालक ठरवू शकतो. आखूड, सगळ्या एकाच ठिकाणी मिळणाऱ्या नळ्या वरच्या फेऱ्यांना जोर देतात, ते शर्यतीच्या ट्रॅकचं काम. नाशिकच्या माणसाला मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा असतो, पुढे ट्रक आणि हाताशी तिसरा गिअर, फेरे तीन हजारांच्या आसपास. त्याने लांब नळ्यांचा, जोड्या लावलेला हेडर घ्यावा. बसवल्यावर दोन-तीनदा पूर्ण तापवून पूर्ण गार होऊ द्यावा, गार इंजिनावर सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत, आणि मग पहाटेच्या मोकळ्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढवून इगतपुरीला थांबून प्लग पाहावेत.